रात्रपाळीवाल्याचं दार

दारावर शमीरानं चिठ्ठी चिकटवली आहे:
बाबा दिवसा झोपतात. बेल वाजवू नका.
खाली टोपी घातलेला चंद्र, डोळे मिटलेला.
तरी ते येतात.

सोमवारी एक पोरगा आला, काकाचा कोट घालून,
बाह्यांतून नुसती बोटं बाहेर.
"साहेब, घर विकायचा काही विचार?"
म्हटलं, रात्रभर बदामाच्या कारखान्यात
पट्ट्यावरचे खडे वेचून आलोय,
माझ्याकडे विचार उरत नाही.
त्यानं वहीत लिहून घेतलं.
'नाही' लिहायला एवढा वेळ लागत नाही.

सासूबाई प्रत्येकाला चहा देतात.
उर्मिया सोडून चाळीस वर्षं झाली,
पण त्यांच्या हिशेबानं
कोट घालून, हातात फाइल, दात दाखवत
माणूस दारात येतो तो मागणी घालायलाच.
"पोर नऊ वर्षांची आहे," त्या बजावतात,
आणि साखरेचा खडा पुढे करतात.

फ्रिजवर आता सात हसरे चेहरे,
सात फोन नंबर.
पाण्याचं बिल एकीच्या हनुवटीखाली,
गॅसचं एकाच्या टायखाली.

आमच्या गल्लीचं नाव जर्दाळू बन.
जर्दाळू एकही नाही.
झाडं काढून टरलॉकच्या या कडेला घरं लावली,
घरांना बहर आला तीन उन्हाळे,
मग कीड.
अकरातली चार रिकामी.
बँकेचा माणूस पाठीवर पंप घेऊन येतो,
वाळल्या गवतावर हिरवा रंग फवारून जातो.
समोरच्यांच्या कुत्र्याचे पंजे
आठवडाभर हिरवे.

घर फिरलं की वासे फिरतात, असं म्हणतात.
इथले वासे पातळ, भिंतीत खिळे मारून बसवलेले,
फिरायचं तर त्यांना
आधी कुणाला तरी विचारावं लागेल.

गुरुवारी लोरेटा विएरा आली.
हे घर तिनंच आम्हाला विकलं होतं,
उघड्या टपाची गाडी, लाल टाचा,
किल्लीबरोबर रिबिनीची टोपली, आत चीज, द्राक्षं.
टोपलीत आता आम्ही कांदे ठेवतो.
या वेळी चालत आली, कापडी बुटात,
एका टाचेला पट्टी.
मार्चमध्ये कॅलेंडर वाटत होती,
जानेवारी-फेब्रुवारी नीट फाडून.

"किती येतील?" मी विचारलं, नुसतंच.
तिनं आकडा सांगितला
डॉक्टर व्हरांड्यात सांगतात त्या आवाजात.
कर्ज त्याच्या दुप्पट, हे तिला माहीत होतं,
कागदावर सही कुठे करायची
ते तिनंच नखानं दाखवलं होतं.
मग आम्ही दोघं
कांद्यांकडे बघत राहिलो.

चहा तिनं उभ्यानंच प्यायला. दोनदा मागून घेतला.
सासूबाईंना ती आवडली:
ही मागणी घालायला आलेली नाही, म्हणाल्या,
हिला बसायला द्या.
ती बसली नाही.

मी पडद्याच्या फटीतून पाहिलं.
शेजारचं घर वर्षभर रिकामं.
अंगणात पाटी, पाटीवर लोरेटाच,
उन्हानं चेहरा गेलाय,
दात तेवढे शिल्लक.
ती पाटीजवळून गेली, पायऱ्या चढली,
केस सारखे केले, पिशवी दुसऱ्या हातात घेतली
आणि दार ठोठावलं.

थांबली.
आत कुणी चप्पल शोधतंय,
टीव्हीचा आवाज कमी करतंय,
एवढा वेळ तिनं दिला.
चेहऱ्यावर हसू तयार ठेवलं होतं.

मग पुन्हा ठोठावलं, जरा हळू.

इकडे, पडद्यामागे,
सवयीनं माझ्या तोंडून निघून गेलं:
आलो.